मोठ्या शहरात स्टेशनजवळचा निवारा : कुटुंबासह प्रवास करणाऱ्यांसाठी चार शब्द

सन १९०१ मधील गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली काही लहान मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, हातात सामान आणि नजर वाटेकडे. वडिलांना पत्र वेळेवर मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशन मास्तरांनी आपुलकीने विचारपूस केली. परंतु मुलांची जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक गाडीवान तयार झाला. ती रात्र त्या मुलांनी जकातनाक्याजवळ पाण्याच्या घोटावाचून काढली. त्या मुलांतील एक म्हणजे आपले बाबासाहेब.

पुढे १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तेव्हा स्टेशनवर उतरल्यावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच होता : राहायचे कोठे? हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणार नव्हता. एका पारशी सरायीत पारशी नाव सांगून त्यांनी खोली मिळवली. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना खोली सोडावी लागली. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सर्व त्यांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवले आहे.

वाचकहो, स्टेशनजवळ परवडणारे कौटुंबिक हॉटेल कसे शोधावे, या साध्या व्यवहारी विषयाची सुरुवात आम्ही या दोन प्रसंगांनी का केली, असे कोणी विचारील. कारण एवढेच की, ‘स्टेशनवर उतरलो, आता डोके कोठे टेकायचे?’ हा प्रश्न आपल्या समाजासाठी कधीच केवळ पैशाचा नव्हता. आज दीक्षाभूमी, चैत्यभूमी, सारनाथ, बुद्धगया येथे आपली माणसे कुटुंबासह जातात. आपली मुले-मुली परीक्षा, मुलाखती आणि प्रवेशासाठी दिल्ली-मुंबईला जातात. कोणी आजारी माणसाला घेऊन मोठ्या इस्पितळात जातो. या सर्वांना पहिल्या रात्रीचा निवारा लागतो. तो स्वच्छ, सुरक्षित, खिशाला परवडणारा आणि मान राखणारा असावा, एवढीच अपेक्षा.

आम्ही बँकेत कारकून. आमच्या नोकरीत एल.एफ.सी. असते. त्यात रेल्वेचे भाडे मिळते, पण मुक्कामाचा खर्च ज्याचा त्याला. त्यामुळे गेली अनेक वर्षे आई, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन आम्ही स्टेशनाबाहेरच्या गल्ल्या पायी तुडविल्या आहेत. फसलोही आहोत. त्या अनुभवाचा उपयोग इतरांना व्हावा, म्हणून हा लेख.

स्टेशनजवळच का?

स्वस्त खोली लांब मिळते, हे खरे. परंतु हिशेब पूर्ण मांडला पाहिजे. समजा, स्टेशनजवळच्या खोलीचे भाडे १५०० रुपये आणि सात किलोमीटर दूरच्या खोलीचे ११०० रुपये आहे. वरवर पाहता ४०० रुपये वाचले. पण पाच माणसे आणि सामान एका रिक्षात मावत नाही. टॅक्सीला जाताना २५० आणि येताना २५० धरले, तर दूरची खोली १६०० ला पडली. शिवाय पहाटेची गाडी असेल तर रात्री साडेतीनला उठून वाहन मिळते की नाही ही धाकधूक. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर स्टेशनजवळची खोलीच स्वस्त. तीन-चार रात्री राहायचे असेल तर मात्र लांबची खोली परवडू शकते, कारण वाहनखर्च तेवढ्या दिवसांत वाटला जातो. किती रात्री राहायचे आणि माणसे किती, यावर हा हिशेब फिरतो.

दुसरी गोष्ट, आपण उतरणार ते स्टेशन नक्की कोणते, हे तिकिटावर नीट वाचावे. मोठ्या शहरात स्टेशने अनेक असतात. दिल्लीला जाणाऱ्या आपल्याकडच्या कित्येक गाड्या नवी दिल्लीपर्यंत न जाता हजरत निजामुद्दीनला संपतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस आणि लोकमान्य टिळक टर्मिनस ही सर्व वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. कोलकात्यात हावडा नदीच्या एका तीरावर, तर सियालदह दुसऱ्या तीरावर. आमच्या एका सहकाऱ्याने पहाडगंजात खोली घेतली आणि गाडी होती निजामुद्दीनची. रात्री रस्ता जाम झाला आणि गाडी सुटली.

तिसरी गोष्ट, स्टेशनला दोन बाजू असतात. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असे सांगणारा हॉटेलवाला कोणत्या बाजूचे बोलतो, ते विचारावे. नवी दिल्ली स्टेशनात फलाट क्रमांक १ ची बाजू पहाडगंजला उघडते, तर फलाट क्रमांक १६ ची बाजू अजमेरी गेटकडे. वृद्ध माणसाला घेऊन सगळे फलाट ओलांडणे म्हणजे अर्धा तास आणि धाप.

आधी रेल्वेचीच सोय पाहावी

पुष्कळांना ठाऊक नसते की, मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या स्वतःच्या विश्रांतीखोल्या, म्हणजे रिटायरिंग रूम असतात. त्याच्या जोडीला डॉर्मिटरी, म्हणजे अनेक खाटांचा हॉल असतो. पक्के किंवा आर.ए.सी. तिकीट असलेल्या प्रवाशाला पी.एन.आर. क्रमांकावरून या खोल्या आय.आर.सी.टी.सी. वरून आधी राखून ठेवता येतात. जेथून बसायचे किंवा जेथे उतरायचे त्या स्टेशनावर ही खोली मिळते. मुक्काम साधारणतः ४८ तासांपर्यंत. खोल्या थोड्या आणि मागणारे फार, म्हणून तिकीट पक्के होताच त्याच दिवशी पाहावे. दोन दिवसांनी पाहू म्हटले की गेली. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. म्हणून प्रवासाची आखणीही त्याच बेताने करावी.

डॉर्मिटरी एकट्या विद्यार्थ्याला उत्तम, पण बायकामुलांसह जाणाऱ्याने खोलीच घ्यावी. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये सुरू झालेले पॉड हॉटेल असेच एकट्यादुकट्यासाठी बरे. एका माणसाला झोपण्यापुरती पेटी, असे त्याचे स्वरूप आहे. लहान मुलाला तेथे एकटे कसे झोपविणार?

केवळ काही तास काढायचे असतील तर खोली घेण्याचीही गरज नाही. सामान क्लोकरूममध्ये ठेवावे. त्यासाठी तिकीट दाखवावे लागते आणि प्रत्येक बॅगेला कुलूप लागते. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि मग स्टेशनवरच्या फेरीवाल्याकडून दामदुप्पट भावाने कुलूप विकत घ्यावे लागते. चार छोटी कुलपे घरूनच न्यावी.

शहरवार थोडी माहिती

मुंबई : दादर हे चैत्यभूमीला आणि राजगृहालाही सोयीचे स्टेशन. चैत्यभूमी पश्चिमेला समुद्राकडे, तर राजगृह पूर्वेला हिंदू कॉलनीत. दादरच्या फलाटांचे क्रमांक डिसेंबर २०२३ मध्ये बदलले. आता पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग आहेत, तेव्हा जुन्या आठवणीवर विसंबू नये. लॉज दोन्ही बाजूंना आहेत, पण खोल्या लहान आणि भाडे चढे. सी.एस.एम.टी. जवळ फोर्ट भागात आणि पी. डिमेलो रोडला जुनी लॉजेस आहेत. मुंबईत विशेष जपायचे ते हे की, खाली परमिट रूम आणि वर लॉजिंग अशा जागी कुटुंबासह उतरू नये. रात्री एकपर्यंत जिन्यात वर्दळ असते. लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरणाऱ्यांना हार्बर मार्गावरचे टिळकनगर स्टेशन जवळ पडते. तेथून चेंबूरकडे खोली पाहता येते.

६ डिसेंबरच्या सुमारास दादरला खोली मिळण्याची आशाच सोडावी. त्या दिवसांत महापालिका आणि अनेक संस्था शिवाजी पार्क परिसरात अनुयायांची व्यवस्था करतात. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी ठाणे, कल्याण अशा ठिकाणी नातलगांकडे किंवा लॉजवर मुक्काम करून लोकलने दादरला यावे, हे बरे.

मुंबईत रुग्णाला घेऊन येणाऱ्यांनी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेची चौकशी अवश्य करावी. कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या नातलगांना या धर्मशाळेचा मोठा आधार आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर देवळे न बांधता धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. निवाऱ्याचे मोल त्या माणसाने जाणले होते.

नागपूर : मुख्य प्रवेशद्वाराच्या बाजूने सीताबर्डी जवळ. तेथे मोदी नंबर एक, दोन, तीन अशा नावांच्या गल्ल्या आहेत आणि खानावळी भरपूर. मागची बाजू संत्रा मार्केट आणि सेंट्रल अव्हेन्यूकडे उघडते. त्या रस्त्याला लॉजेसची रांगच आहे. एस.टी.ने पुढे जाणाऱ्यांना गणेशपेठ सोयीची. दीक्षाभूमीला कोठूनही रिक्षाने जाता येते. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरच्या दिवसांत मात्र साऱ्या खोल्या महिनोन्महिने आधी भरतात आणि भाडेही वाढते. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी एखाद्या साध्या दिवशी जावे. १८ डिसेंबर २००१ रोजी उद्घाटन झालेला तो भव्य स्तूप शांतपणे पाहावा, असे आम्ही आईला घेऊन गेलो तेव्हा अनुभवाने सांगावेसे वाटले. आई स्तूपात तासभर बसून होती. दसऱ्याच्या गर्दीत ते शक्य झाले नसते.

दिल्ली : पहाडगंजचा मेन बाजार आणि आराकशां रोड येथे शेकडो हॉटेले आहेत. भाडे घासाघीस करून कमी होते. परंतु दलालांचा सुळसुळाटही येथेच. ‘तुमचे हॉटेल बंद झाले’, ‘तिकडे दंगल आहे’, ‘तिकडचा रस्ता बंद आहे’ अशा थापा मारून माणसाला भलत्याच ठिकाणी नेतात. तेथे दलालाची दलाली खोलीच्या भाड्यात मिळविलेली असते. उपाय एकच. हॉटेलचा फोन क्रमांक जवळ ठेवावा आणि कोणी असे सांगताच त्याच्यासमोरच फोन लावावा. नवी दिल्ली स्टेशनाच्या अजमेरी गेट बाजूला मेट्रो आहे. तिच्या पिवळ्या मार्गाने सिव्हिल लाइन्सला उतरले की २६, अलीपूर रोड जवळ पडते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण तेथे झाले. १३ एप्रिल २०१८ रोजी त्या जागी राष्ट्रीय स्मारक खुले झाले आहे. विद्यार्थ्यांनी १५, जनपथ येथील डॉ. आंबेडकर आंतरराष्ट्रीय केंद्रही पाहावे. ते डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाले.

कोलकाता : नागपूरमार्गे जाणारी गीतांजली एक्सप्रेस हावड्याला पोहोचते. हावडा पूल ओलांडून जाण्यात पूर्वी फार वेळ जाई. मार्च २०२४ पासून हुगळी नदीखालून मेट्रो धावते आणि ऑगस्ट २०२५ पासून ती थेट सियालदहला जोडली गेली आहे. सियालदहपासून कॉलेज स्ट्रीटपर्यंत महात्मा गांधी रोडवर जुन्या पद्धतीची बोर्डिंग हाउसे आहेत. तेथून कॉलेज स्क्वेअरजवळचा महाबोधी सोसायटीचा धर्मराजिक चैत्य विहार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. हा विहार १९२० सालचा.

दक्षिणेत चेन्नईच्या एग्मोर स्टेशनसमोरील केनेट लेनमध्ये स्वस्त लॉजेस आहेत आणि महाबोधी सोसायटीचे केंद्रही त्याच गल्लीत. बंगळूरच्या मुख्य स्टेशनासमोर मॅजेस्टिक आणि गांधीनगर भागात लॉजेस आणि महाबोधी सोसायटी दोन्ही आहेत. विहार जवळ असला म्हणजे राहायला जागा मिळेलच असे मात्र धरू नये. वंदनेसाठी दार उघडे असते, मुक्कामासाठी आधी विचारावे लागते.

सारनाथला जाणारे वाराणसी जंक्शनला उतरतात. स्टेशनासमोरच पुष्कळ लॉजेस आहेत आणि सारनाथ तेथून सुमारे १० किलोमीटर. काही गाड्या वाराणसीला न जाता पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनला थांबतात. हेच जुने मुगलसराय, २०१८ मध्ये नाव बदलले. तेथून वाराणसी पंधरा-सोळा किलोमीटर दूर आहे, हे लक्षात ठेवावे. बुद्धगयेसाठी गया स्टेशनजवळ राहू नये. थेट बुद्धगयेला जावे. निरनिराळ्या देशांच्या विहारांत आणि यात्री निवासांत तेथे सोय होते.

खोली घेण्यापूर्वी काय पाहावे

पैसे देण्यापूर्वी खोली पाहावी. सामान आणि बाकीची मंडळी खाली थांबवून दोघांनी वर जावे, त्यात एक घरातील बाई असावी. पुरुषाच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी तिला दिसतात. चादर बदललेली आहे का, संडासाला पाणी आहे का, आतली कडी लागते का, खिडकी बाहेर उघडते की नुसती बोळात. नळ स्वतः सोडून पाहावा. गरम पाणी किती ते किती येते हे विचारावे, कारण पुष्कळ ठिकाणी सकाळी दोन-तीन तासच येते.

त्यानंतर हे प्रश्न स्पष्ट विचारावेत :

१) चेक-आउट १२ वाजताचे की २४ तासांचे? यात आम्ही स्वतः फसलो आहोत. एका शहरात पहाटे पाचला पोहोचलो, खोली घेतली. दुपारी १२ ला दिवस संपला म्हणून दुसऱ्या दिवसाचे भाडे मागितले. सात तासांचे एका दिवसाचे भाडे! पाटी टेबलामागे होती, आम्ही वाचली नाही. पहाटे पोहोचणाऱ्याने २४ तासांचे लॉज शोधावे. दुपारी पोहोचणाऱ्याला १२ वाजताचे चालते.

२) पाच माणसांचे भाडे किती? ‘डबल’चे भाडे सांगून नंतर प्रत्येक जादा गादीचे पैसे लावतात. लहान मूल कोणत्या वयापर्यंत मोफत, तेही विचारावे. चार खाटांची फॅमिली रूम बहुधा दोन डबलपेक्षा स्वस्त पडते.

३) भाड्यात कर धरला आहे का? दररोज ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जी.एस.टी. ५ टक्के आहे, त्यापूर्वी १२ टक्के होता. म्हणजे १५०० च्या खोलीला ७५ रुपये. कोणी अजून १२ टक्के लावत असेल तर बिल मागावे. ज्याच्या बिलावर जी.एस.टी. क्रमांकच छापलेला नाही, त्याला हा कर घेण्याचा अधिकार नाही. छोटी लॉजेस पुष्कळदा नोंदणीच्या मर्यादेखाली असतात आणि तरीही ‘टॅक्स’ म्हणून रक्कम लावतात.

४) आगाऊ रक्कम परत मिळेल का? मोबाइलवरून खोली ठरविताना ‘हॉटेलवर पैसे द्या’ असा पर्याय असेल तर तोच घ्यावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलला थेट फोन करून नोंद आहे ना, याची खात्री करावी. मोबाइलवरील फोटो खोली नवी असतानाचे असतात. फोटोंपेक्षा अलीकडच्या ग्राहकांच्या तक्रारी वाचाव्यात. त्यातही ‘पाणी’, ‘ढेकूण’ आणि ‘आवाज’ हे तीन शब्द शोधावेत.

ओळखपत्र प्रत्येक प्रौढ माणसाचे लागते, घरात एकाचे चालत नाही. आईचे ओळखपत्र घरी राहिले म्हणून रात्री अकराला दार बंद झालेले आम्ही पाहिले आहे. आधारची प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. बँकेत काम करीत असल्यामुळे सांगतो, कागदावर ‘फक्त हॉटेल मुक्कामासाठी’ असे लिहून तारीख टाकावी. त्या कागदाचे पुढे काय होते ते आपल्याला ठाऊक नसते.

आगीचा जिना

ही गोष्ट आम्ही मुद्दाम वेगळी लिहीत आहोत. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोल बागेत एका हॉटेलला आग लागून १७ माणसे गेली. २९ एप्रिल २०२५ च्या रात्री कोलकात्याच्या बडाबाजार भागातील एका हॉटेलात आगीत १४ माणसे गेली. त्यांतील बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरून गेली. मध्यम आणि स्वस्त भाड्याची हॉटेले अरुंद गल्ल्यांत, एका जिन्याची आणि बंद खिडक्यांची असतात. शेदोनशे रुपये वाचविण्यासाठी अशा खोलीत लेकरांना झोपवू नये.

शक्यतो पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची खोली मागावी. दुसरा जिना आहे का ते पाहावे आणि त्याचे दार कुलूप लावून ठेवलेले नाही ना, हेही पाहावे. रस्त्यावर उघडणारी खिडकी असावी. रात्री खोलीची किल्ली एकाच ठरलेल्या जागी ठेवावी. धूर झाल्यास लिफ्ट वापरू नये, ओले कापड नाकातोंडाला धरून खाली वाकून बाहेर पडावे. हे मुलांनाही शिकवावे.

मान राखणारा निवारा

आता मूळ मुद्द्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी उत्तरेतील एका मोठ्या शहरात रात्री दहाच्या सुमारास आम्ही स्टेशनजवळच्या एका धर्मशाळेत गेलो. पाटीवर ‘सर्व यात्रेकरूंसाठी’ असे लिहिले होते. मुनीमजींनी आधी ‘हां हां, कमरा है’ म्हटले. वही उघडली, नाव विचारले. आडनाव ऐकून लेखणी थांबली. ‘कौन समाज?’ आम्ही सांगितले, ‘बौद्ध.’ वही मिटली. ‘कमरे भर गये.’ आमच्या मागे उभ्या असलेल्या कुटुंबाला आमच्या देखत किल्ली मिळाली. धाकटी मुलगी खांद्यावर झोपली होती. आम्ही काही न बोलता बाहेर पडलो. मोठ्या मुलाने रस्त्यात विचारले, ‘बाबा, त्यांच्याकडे खोली होती ना?’ त्याला आम्ही त्या रात्री उत्तर दिले नाही. भांडण नको, रात्र झाली आहे, असे मनाशी म्हटले. पण खरे कारण वेगळे होते. कायदा काय सांगतो, हे आम्हांला नीट ठाऊक नव्हते. पदवीधर असून, बँकेत नोकरीस असून ठाऊक नव्हते.

म्हणून विद्यार्थ्यांनी हे पाठ करावे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) नुसार दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेशाच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला अडविता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि तिचे पालन हा गुन्हा ठरविला. त्यासाठी १९५५ साली कायदा झाला, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. त्याच्या कलम ४ मध्ये हॉटेलाबरोबरच सर्वसाधारण लोकांसाठी चालविल्या जाणाऱ्या धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाने यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने अडवणूक केल्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. याशिवाय १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहेच.

असा प्रसंग कोणावर आला तर काय करावे? प्रथम शांतपणे कारण विचारावे आणि ते सोबतच्या माणसाच्या ऐकण्यात राहील असे पाहावे. वेळ, तारीख, जागेचे नाव आणि बोललेले शब्द तेथेच लिहून ठेवावेत. धमकी किंवा अंगावर येण्याचा प्रकार झाला तर ११२ क्रमांकावर फोन करावा. लहान मुले किंवा आजारी माणूस सोबत असेल तर आधी दुसरीकडे त्यांच्या डोक्यावर छप्पर पाहावे, भांडण त्यांच्या जिवावर करू नये. मात्र सकाळी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तिची एक प्रत राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला पाठवावी. आम्ही ते केले नाही, याची खंत अजून वाटते. आमच्या गप्प बसण्याने त्या मुनीमजींची वही पुढच्या माणसासाठीही तशीच मिटत राहिली असेल.

त्या रात्री पुढच्याच गल्लीतील एका छोट्या लॉजवर आम्हांला खोली मिळाली. चालकाने नाव लिहून घेतले, आधार पाहिले आणि पाच माणसांना पाच ग्लास पाणी आधी पाठविले. आडनावाबद्दल चकार शब्द नाही. जग सगळेच एका मापाचे नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

समाजाने काय करावे

संस्थेच्या सभासदांना आमची एक विनंती आहे. प्रत्येक जण कोठे ना कोठे जाऊन येतो. परत आल्यावर हॉटेलचे नाव, स्टेशनची बाजू, भाडे, चेक-आउटची वेळ, जिने किती, पाणी कसे आणि वागणूक कशी, एवढ्या सात गोष्टी एका वहीत लिहाव्यात. ही वही संस्थेच्या कार्यालयात किंवा विहारात ठेवावी. नोंदीला तारीख असावी, कारण दोन वर्षांत लॉजचा मालक बदलतो आणि मालकाबरोबर सर्व काही बदलते. पहिल्यांदाच मुलाखतीला दिल्लीस जाणाऱ्या खेड्यातील मुलीला ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आमच्या आठ मुक्कामांच्या नोंदी आम्ही लिहून तयार ठेवल्या आहेत. वही कोणी आणावी एवढाच प्रश्न आहे. तीही आम्हीच आणू.

आमचा मोठा मुलगा आता महाविद्यालयात आहे. परवा तो मित्रांबरोबर सारनाथला निघाला, तेव्हा त्याच्या पिशवीत आम्ही चार कुलपे आणि मास्क्ड आधारच्या दोन प्रती ठेवल्या. त्याने स्वतःहून एक कागद घातला. त्यावर लिहिले होते : अनुच्छेद १५ (२), कलम ४, ११२. त्या रात्री रस्त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याने स्वतःच शोधून काढले होते.

नमो बुद्धाय! जय भीम!